कटेली मुळाने पसरते, म्हणून रोटाव्हेटरने वाढली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ग्वाल्हेर जिल्ह्यात भितरवारकडे कालव्याच्या पाण्यावरची सासऱ्यांची १२ बीघे, म्हणजे सुमारे अडीच हेक्टर, जमीन तुम्ही बटाईने दिली आहे. तुम्ही ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात राहता, महिन्या-दोन महिन्यांनी शेतावर एक फेरी होते. सासरे होते तेव्हा एका कोपऱ्यात खाटेएवढ्या जागेत जांभळ्या फुलांची काटेरी झाडं होती. आज ३ बीघ्यांत गहू कमी आणि तीच जास्त दिसतात. बटाईदार म्हणतो, दोन वर्षं रोटाव्हेटर मारला, औषध फवारलं, तरी कटेली हटत नाही. एका शेजाऱ्याने मीठ टाकायला सांगितलं, दुसऱ्याने फुलं खुडायला. आणि तुम्ही विचारता आहात की पुढच्या वर्षी गव्हाऐवजी मोहरी घेतली तर सुटका होईल का.

मोहरी घेऊ नका. मीठ तर मुळीच टाकू नका. त्या ३ बीघ्यांत रोटाव्हेटर परत फिरू देऊ नका. आणि झाडांना आता कळ्या धरल्या आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, तर याच आठवड्यात ती जमिनीलगत कापून घ्या. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण कापणी थांबवू नका. ग्वाल्हेर, डबरा, भितरवार या पट्ट्यात मी चौतीस वर्षं रब्बीच्या तणांवर शेतकऱ्यांबरोबर काम केलं. त्यात कटेलीइतकी चुकीच्या उपायांनी वाढवलेली दुसरी वनस्पती मी पाहिली नाही.

ओळख आधी पक्की करू, कारण आपल्याकडे 'कटेली' म्हटलं की चार माणसांच्या डोळ्यांपुढे चार झाडं येतात. वैद्य ज्याला कटेली किंवा कंटकारी म्हणतात ती आपली भुईरिंगणी. ती जमिनीवर पसरते, फूल वांग्यासारखं, फळं पिवळी गोल. ती वांग्याच्याच कुळातली. उंटकटारा वेगळा. त्याचं फूल म्हणजे सगळीकडून काटे आलेला चेंडू, आणि तो पडीक, कोरड्या माळावर वाढतो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना विचाराल तर ते हाच ओळखतील. तुमच्या शेतातलं झाड उंटकटाऱ्याच्या कुळातलं, म्हणजे सूर्यफूल-करडईच्या मोठ्या घराण्यातलं आहे. शास्त्रीय नाव सिर्शियम अर्वेन्स. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंची, नागमोडी कडांची पानं, कडेच्या प्रत्येक टोकाला पिवळसर काटा, खोड मात्र बहुतेक बिनकाट्याचं, आणि शेंड्याला बोराएवढी फिकट जांभळी बोंडं. पान तोडलं तर चीक येत नाही.

चिकाची खूण मुद्दाम सांगतो, कारण चौथं झाड सत्यानाशी आहे, ज्याला आपण मराठीत पिवळा धोत्रा म्हणतो. फूल पिवळं, पानावर पांढऱ्या शिरा, आणि तोडलं की पिवळाधमक चीक. हे अफूच्या कुळातलं, मूळचं मेक्सिकोकडचं. त्याचं बी बारीक, काळपट आणि मोहरीत सहज खपून जाणारं असतं. त्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात गेलं की अंगावर सूज येते, हृदयावर ताण येतो. १९९८ साली दिल्लीत या भेसळीने साठाहून जास्त माणसं दगावली होती. आपला भाग मोहरीचा आहे. तुमच्या बांधावर पिवळ्या फुलांचं काटेरी झाड दिसलं तर ते बी धरण्याआधी उपटा. ते वर्षायू आहे, उपटलं की संपतं. कटेलीचं तसं नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पुढच्या फेरीला एक खुरपं घेऊन जा आणि स्वतः बसून एक झाड खणून पाहा. खोडाच्या बुडाशी वीतभर खाली गेलात की खोड पांढरं होत जातं आणि एका आडव्या दोऱ्याला जाऊन मिळतं. तो दोरा म्हणजे मूळ. पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, पांढुरकं आणि रसरशीत. जरा वाकवलं तर कोवळ्या काकडीसारखं टचकन मोडतं. माती बोटांनी बाजूला करत त्याच्या मागे मागे जा. थोड्या थोड्या अंतरावर त्यातून पांढरे कोंब वर निघालेले दिसतील, काही अजून मातीतच, काहींनी नुकतं डोकं काढलेलं. तीन पावलं पुढे गेल्यावर तुम्ही ज्याला दुसरं झाड समजत होता ते त्याच दोऱ्याला लागलेलं सापडेल. चौथं आणि पाचवंही तसंच. खाटेएवढ्या पट्ट्यात तुमच्या सासऱ्यांना दिसत होती ती शे-दीडशे झाडं नव्हती. बहुतेक एकच झाड होतं, जमिनीखाली हातपाय पसरून बसलेलं.

या आडव्या मुळांखाली उभी मुळंही असतात. ती दोन-तीन मीटर खोल जातात. आडवी मुळं चांगल्या जमिनीत वर्षाला चार-पाच मीटर सहज सरकतात. आणि खरी गोम ही की मुळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडासुद्धा ओल मिळाली की नवं झाड उभं करतो.

आता रोटाव्हेटरचा विचार करा. त्याची पाती चार ते सहा इंचांच्या थरात माती कुटतात. एक मीटर मुळाचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे झाले तर तेहेतीस रोपं लावल्यासारखं झालं. वर ट्रॅक्टर जिकडे वळेल तिकडे ते तुकडे मातीबरोबर ओढत नेतो. तुमच्या बटाईदाराने जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर रोटाव्हेटर मारला असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे तुकडेही झाले आणि त्यांना ओलही मिळाली. तो माणूस मनापासून शेत साफ करत होता, त्याच्यावर रागावू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मुरारकडच्या एका शेतकऱ्याला मी पावसाच्या तोंडावर तव्यांचा हॅरो दोनदा आडवा-उभा फिरवायला सांगितला. कार्तिकात पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, दिल्यावर मी पाहायला गेलो, तर कटेली सरळ ओळींत उगवली होती. ट्रॅक्टर जसा फिरला तशा त्या ओळी, आणि वळणाच्या कोपऱ्यांवर दाट झुबके. त्या माणसाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून तणाची मुळं खणून पाहिल्याशिवाय मी कोणाला अवजार सुचवलं नाही.

फुलं खुडण्याचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. एक अख्खा पट्टा एकाच मुळाचा असेल तर तो सगळा नर किंवा सगळा मादी. नराची बोंडं जरा गोल, त्यांच्यावर परागाची पूड दिसते. मादीची बोंडं सुरईसारखी निमुळती, आणि त्यांना मधासारखा गोड वास असतो. जवळपास दुसऱ्या लिंगाचा पट्टा नसेल तर बी फारसं धरतच नाही. फाल्गुनाच्या अखेरीस बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या उडायला लागतात. ते दृश्य पाहून माणूस घाबरतो की आता सगळ्या शिवारात बी गेलं. तुम्ही एक म्हातारी हातात धरून नीट बघा. पुष्कळदा खाली बी नसतंच. नुसता केसांचा झुबका सुटून उडतो आणि बी बोंडातच राहून जातं. मी कितीतरी वेळा बोंड उलटं करून तळहातावर झटकलं आहे. पिवळट-तपकिरी, जिऱ्याहून लहान, गुळगुळीत बिया बुडाशी तशाच बसलेल्या मिळतात.

मग बी निरुपद्रवी का? नाही. कटेली एका गावातून दुसऱ्या गावात जाते ती बियाण्यानेच. घरच्या गव्हात मिसळून, शेणखतातून, कालव्याच्या पाण्यावर तरंगत, भूशाच्या ट्रॉलीतून, कम्बाइनच्या पोटातून. खोल गाडलेलं बी वीस वर्षांनीही उगवल्याची नोंद आहे, जरी बहुतेक बिया पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच उगवून संपतात. बियाण्यापासून आलेलं रोप दीड-दोन महिने कोवळं असतं, तेव्हा खुरप्याने सहज मरतं. त्यानंतर त्याच्या मुळाला कोंब धरण्याची ताकद येते आणि मग ते बहुवर्षायू झालंच म्हणून समजा. सासऱ्यांच्या त्या कोपऱ्यात असंच एखादं बी आलं असेल. पण खाटेचे ३ बीघे झाले ते मुळाने.

तुम्ही असंही विचारलं आहे की हे झाड आपल्याकडचंच का. मूळ युरोपचा आग्नेय भाग आणि पश्चिम आशिया. लिनेयसने १७५३ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याला वेगळ्याच प्रजातीत घातलं होतं. अमेरिकेत त्याला कॅनडाचं थिसल म्हणतात, पण कॅनडाशी त्याचं मूळ नातं काही नाही, तिकडे ते सतराव्या शतकात पिकांच्या बियाण्यातून गेलं. व्हर्मॉंट राज्याने १७९५ साली त्याच्याविरुद्ध कायदा केला, आणि ब्रिटनच्या १९५९च्या तण कायद्यातल्या पाच उपद्रवी वनस्पतींत ते आहे. हे एवढ्यासाठी सांगतो की तुमच्या बटाईदाराला दोन वर्षांत जमलं नाही म्हणून तो आळशी ठरत नाही. सव्वादोनशे वर्षं कायदे करूनही ते तिथून गेलेलं नाही. एका शेतातून मात्र ते जातं. मी जाताना पाहिलं आहे.

ते जातं उपाशी राहून. ही एक गोष्ट नीट समजली की बाकी सगळं आपोआप कळतं. कटेलीचं मूळ म्हणजे तिची कणगी. पानं उन्हात अन्न तयार करतात आणि खाली कणगीत भरतात. पण झाड जेव्हा नव्याने उगवतं, खोड उंच करतं, कळ्या धरतं, तेव्हा सगळा खर्च कणगीतून होतो. कळ्या दिसायला लागतात आणि फूल अजून उमललेलं नसतं, त्या सुमारास कणगीत सर्वांत कमी दाणे असतात. त्या वेळी वरचं झाड कापलं तर त्याला पुन्हा उगवण्यासाठी उरलंसुरलं काढावं लागतं. ते परत वीतभर झालं, पानांनी कमवायला सुरुवात केली, की परत कापायचं. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने असं सतत होत राहिलं तर कणगी रिकामी होते. उलट, एकदा कापून दोन महिने विसरलात तर त्याने सगळं भरून घेतलेलं असतं, आणि कापणाराच म्हणतो की कापून काही होत नाही. बहुतेक शेतांत नेमकं हेच घडतं.

म्हणून आज काय करायचं ते सांगतो. विळ्याने जमिनीलगत कापा, उपटू नका. उपटताना खोड बुडातून तुटतं, मूळ खालीच राहतं आणि हात सोलवटतात ते वेगळंच. मजूर नाही म्हणतात यात त्यांची चूक नाही. या काट्याचं टोक कातडीत मोडून बसतं आणि दोन दिवसांनी पिकतं. चामड्याचे हातमोजे घेऊन द्या, चार-पाच जोड्या पुरतात. जिथे कटेली इतकी दाट आहे की गव्हाची ओंबीही बारीक पडली आहे, तिथे गव्हाचा मोह सोडा आणि दोन्ही एकत्र कापून टाका. कडेला, जिथे गहू बरा आहे, तिथे मात्र जपून, कळ्यांची झाडं निवडून. कापलेल्यात उमललेली फुलं असतील तर ती उकिरड्यात टाकू नका. फूल उमलून थोडे दिवस झाले असतील तर कापलेल्या झाडावरही बी पिकतं. तेवढी वेगळी गोळा करून वाळवून जाळा.

गव्हाच्या कापणीला कम्बाइन येणार असेल तर हे ३ बीघे सगळ्यांत शेवटी कापायला लावा, आणि त्यातलं धान्य बियाण्याला ठेवू नका. त्यातला भूसाही वेगळा ठेवा. काटे मिसळलेला भूसा जनावरं नीट खात नाहीत, उरलेला शेणात जातो आणि शेणखतातून त्यातलं बी तुमच्याच बाकीच्या ९ बीघ्यांत पोहोचतं.

वैशाखात शेत मोकळं झालं की तीन-चार आठवड्यांत धसकटांतून कटेली परत हिरवी दिसेल. मग आपल्या ग्वाल्हेरच्या उन्हाचा उपयोग करून घ्यायचा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो, माती कोरडी ठणठणीत असते. अशा वेळी दातांचा कल्टिव्हेटर थोडा खोल लावून फिरवा. दाते मूळ कापत नाहीत, ओढून वर आणतात. मागून दोन माणसं पंजाने मुळं गोळा करत गेली तर उत्तमच, नाही तर उन्हात पडू द्या. आठवड्याने परत एकदा. वरच्या वीतभर थरातली मुळं यात वाळून मरतात. खोल मुळं राहतात, त्यांना आपण उपाशी मारणार आहोत. पाऊस पडायच्या आत हे काम संपलं पाहिजे, नाही तर मी मुरारला केलं तेच होईल.

पावसाळ्यात तुमच्याकडे कालव्यामुळे भात होतो. जिथे भाताला पाणी नीट उभं राहतं तिथे पुढच्या रब्बीत कटेली कमी निघते, आणि बांध, उंचवटा, जिथे पाणी चढत नाही तिथे ती टिकून राहते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. म्हणून त्या ३ बीघ्यांचं सपाटीकरण जमलं तर करून घ्या, लागणीच्या खर्चाहून तो खर्च जास्त कामाचा. चिखलणीलाही रोटाव्हेटर न घालता कल्टिव्हेटरवर भागवा. भात घ्यायचा नसेल तर ढैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, दाट पेरा. जमीन उघडी ठेवू नका, मोकळी जागा कटेलीला फार मानवते.

आणि पुढच्या रब्बीत त्या ३ बीघ्यांत बरसीम हे हिरव्या चाऱ्याचं पीक लावा. माझ्या सगळ्या उत्तरात हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बरसीमची पहिली कापणी पेरणीनंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी येते, पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी एक, एप्रिलपर्यंत चार-पाच कापण्या होतात. कटेलीला उपाशी मारायला जे अंतर हवं ते हेच आहे. वेगळी मजुरी नाही, वेगळं औषध नाही. म्हशीसाठी चारा कापायला आलेला माणूस प्रत्येक वेळी कटेलीचंही डोकं छाटून जातो. मधल्या काळात बरसीम इतका दाट माजतो की खालून निघणाऱ्या कोंबाला ऊन मिळत नाही. कोवळी कटेली बरसीमबरोबर कापली गेली तर जनावरं ती खातातही, काटे तेव्हा मऊ असतात. हिरव्या चाऱ्याला डबरा-भितरवारच्या दूधवाल्यांकडे मागणी असते, त्यामुळे बटाईदाराचंही नुकसान नाही.

बरसीमचं बी बीघ्याला ५ किलो लागेल, आपल्याकडे ५ बीघे म्हणजे साधारण १ हेक्टर धरून. त्यात बहुधा कासनीचं बी मिसळलेलं असतं, म्हणजे एक तण घालवायला दुसरं पेरलं असं होईल. पेरण्याआधी मिठाचं पाणी करा, १० लिटरला १ किलो मीठ, त्यात बी टाका. कासनी वर तरंगते ती काढून टाका, मग बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन घ्या. शेजाऱ्याच्या मिठाचा एवढाच उपयोग मला मान्य आहे. शेतात मीठ टाकलं तर कटेलीच्या खोल मुळांना काही होत नाही, तुमचा गहू मात्र कित्येक वर्षं तिथे उगवायला कुरकुर करेल. बरसीम त्या जमिनीत पहिल्यांदाच होत असेल तर बियाण्याला जिवाणूंचं कल्चर लावायला विसरू नका, नाही तर पिवळा पडतो.

औषधांबद्दल. बटाईदाराने काय फवारलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण वरचं जळालं आणि महिन्याने परत फुटलं या वर्णनावरून बहुधा २,४-डी हे तणनाशक असावं. गव्हात ते चालतं, ५०० ग्रॅम सक्रिय घटक हेक्टरी, पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी, गव्हाला फुटवे आल्यावर. लवकर मारलं तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात. दुसरं मेटसल्फ्युरॉन, ४ ग्रॅम सक्रिय घटक हेक्टरी, म्हणजे २० टक्क्यांची पूड हेक्टरी २० ग्रॅम, बीघ्याला अवघी ४ ग्रॅम. इतकी कमी मात्रा अंदाजाने घेऊ नका, तराजूवर मोजून घ्या. डब्यावर सांगितलेला चिकट पदार्थ त्यात मिसळा, कारण या पानावर मेणाचा थर असतो आणि पाणी घरंगळतं. दोन्ही औषधं कटेलीला दाबतात, एका फवारणीत संपवत नाहीत. लोक मग मात्रा दुप्पट करतात. त्याने उलटंच होतं. पान इतक्या झटपट करपतं की औषध मुळापर्यंत उतरायला वाटच राहत नाही. फवारणीनंतर माघात जे परत उगवतं ते विळ्याने कापणं हा त्या औषधाचाच दुसरा अर्धा भाग आहे असं समजा.

मोहरी नको म्हणालो ते याचमुळे. मोहरी आणि हरभरा ही दोन्ही रुंद पानांची पिकं, कटेलीही रुंद पानांची. तिला मारणारं औषध त्यांनाही मारतं. मोहरीत ती एकदा शिरली की खुरपणीशिवाय हातात काही राहत नाही, आणि माघात मोहरी छातीएवढी झाल्यावर आत शिरून खुरपणार कोण? आणखी एक, शेजारच्या शेतात मोहरी असेल तर २,४-डी वाऱ्याच्या दिवशी मुळीच फवारू नका. नुसत्या वाफेने आणि उडालेल्या तुषारांनी मोहरीचे शेंडे पिळवटतात. यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्यांचे अबोले झालेले मी पाहिले आहेत.

ग्लायफोसेटचं कोणी सुचवेल. आपल्या देशात त्याला चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढीच मान्यता आहे, आणि २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राने ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या प्रशिक्षित माणसांनीच वापरावं अशी अधिसूचना काढली. बटाईदाराच्या हाती ती बाटली देऊ नका. शेत पेटवून देण्यानेही काही साधत नाही. वर आग, खाली मुळं थंडगार.

तणावर कीड किंवा रोग मुद्दाम सोडून ते मारण्याचे प्रयोग परदेशात बरेच झाले. या झाडावर एक तांबेरा येतो, त्याचा तणनाशक म्हणून वापर करावा असा विचार अमेरिकेत १८९३ सालीच मांडला गेला होता. आपल्या शेतावर त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मात्र कटेलीच्या पानांवर कधी कोळिष्टकासारखं जाळं आणि आत काळ्या काटेरी अळ्या दिसल्या तर त्यांना मारू नका. त्यातून नारिंगी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं एक सुंदर फुलपाखरू निघतं, जगभर फिरणारं. ते गव्हाचं काही बिघडवत नाही. मला ते दिसलं की अजूनही थांबून बघावंसं वाटतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायलाच हवं. तुमची बटाई वर्षावर्षाची आहे. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, तो माणूस तीन वर्षांनी फळ देणारं काम का करेल? मे महिन्याच्या उन्हात मुळं वेचायची त्याने आणि स्वच्छ शेत मिळायचं दुसऱ्याला! लष्करातल्या, शिंद्यांच्या छावणीतल्या कितीतरी मराठी घरांच्या जमिनी अशा आहेत. मालक शहरात, शेत बटाईत, आणि तण मधल्या मोकळ्या जागेत. तुम्ही त्या ३ बीघ्यांपुरता तरी तीन वर्षांचा शब्द द्या, लेखी दिलात तर आणखी चांगलं. बरसीमचं बी तुम्ही घ्या, मे महिन्याच्या मजुरीतला अर्धा वाटा उचला, आणि चाऱ्याचं उत्पन्न पहिल्या वर्षी पूर्ण त्याचं असू द्या. मी जिथे जिथे कटेली खरोखर जाताना पाहिली, तिथे शेत करणारा माणूस तीन वर्षं तोच होता.

किती दिवसांत जाईल हेही सांगून ठेवतो, म्हणजे मधेच धीर सुटणार नाही. पहिल्या वर्षी संख्या कमी होणार नाही, झाडं फक्त बारीक आणि बुटकी होतील. ती खूण चांगली, कणगी रिकामी होत आल्याची. दुसऱ्या रब्बीत पट्टा तुटून ठिपके उरतील. तिसऱ्या वर्षी गहू घेऊन वर सांगितलेलं औषध एकदा आणि माघात विळ्याची एक फेरी. त्यानंतर दर वर्षी दोनदा, पलेव्यानंतर आणि माघात, खुरपं घेऊन फिरावं लागेल. बीघ्यात पाच-दहा कोंब निघतील, तेवढेच काढायचे. हे काम तुम्ही स्वतःसुद्धा करू शकता.

या आठवड्यात कापणीला जाल तेव्हा पट्ट्याच्या कडेने दर दहा पावलांवर खुंट्या ठोकून घ्या, कटेलीच्या शेवटच्या झाडापासून पाच-सहा पावलं बाहेर, कारण मुळं तिथवर पोहोचलेली असणार. भात उभा राहिला की पट्टा कुठे होता ते कोणालाच आठवत नाही, आणि कार्तिकात बरसीम कुठपर्यंत पेरायचा ते या खुंट्यांवरूनच ठरेल. खुंट्या बाभळीच्या घ्या. बांबूच्या पावसाळ्याभर टिकत नाहीत, वाळवी लागते.